एका मुखातील बत्तीस दात

३ जानेवारी

प्रिय मावशी,

पाकीट बघून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं शेजारी बसलेली आई ऐकते, म्हणून लिहायला बसले. पत्ताही मुद्दाम तुझ्या शिवणाच्या दुकानाचा घातलाय. वाचून झालं की कात्रणांच्या डब्यात टाकून दे.

आधी आनंदाची बातमी. आमच्या कॉलेजातल्या दातांच्या संग्रहालयाला बाबांचं नाव द्यायचं ठरलंय. त्यांना जाऊन वर्षही झालं नाही, तेवढ्यात. २ मार्चला कार्यक्रम, आणि पडदा आईच्या हातून सरकवायचा आहे. तू तिला नीट साडी नेसवून घेऊन ये. सगळ्या नमुन्यांची नवी यादी करायचं काम डीनसरांनी मला दिलंय. वीस वर्षं तिथे शिकवते, तरी एकेक बरणी हातात घेऊन कधी बघितली नव्हती. आता रोज दुपारी तेच करते.

तुला ठाऊक आहे, बाबांनी जन्मभर एकच काम केलं. दाताच्या आत जे असतं ते बाहेरून दिसेल असं करायचं. दातातली नस विरघळवून तिच्या जागी शाई भरायची, मग दात आम्लात ठेवून त्यातला चुना काढायचा, शेवटी विंटरग्रीनच्या तेलात सोडायचा. सांधेदुखीच्या मलमाला येतो ना, तो वास. दात काचेसारखा आरपार होतो आणि आत नुसती काळी शाई उभी राहते. पोरांना वाटतं, रूट कॅनाल म्हणजे एक सरळ नळी. तसं नसतंच. नलिका वाकतात, मध्येच एकमेकींत मिसळतात, पुन्हा वेगळ्या होतात, टोकाशी केसाएवढे फाटे फुटतात. एका माणसाचं दुसऱ्यासारखं नसतं.

मधल्या कपाटात बाबांचा सगळ्यात गाजलेला संच आहे. छापील चिठ्ठी अशी: ‘एका मुखातील बत्तीस दात. पुरुष, वय तीस, बेवारस देह.’ त्यांच्या पुस्तकातली सगळी चित्रं याच संचावरून काढलेली. मीसुद्धा त्यावरच शिकले.

आता गंमत ऐक. गेल्या आठवड्यात माझी खालची दाढ ठणकायला लागली म्हणून एक्स-रे काढला. खालच्या पहिल्या दाढेला दोन मुळं असतात. मला तीन आहेत! जिभेच्या बाजूला एक बारीक, गळासारखं वाकलेलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. शिवाय उजव्या खालच्या सुळ्याला एकाच्या जागी दोन. एक्स-रे काढणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, तुम्हालाच बरणीत ठेवायला पाहिजे.” हसत हसत वर आले, मधल्या कपाटापुढे उभी राहिले आणि हसू जागच्या जागी थांबलं. बेवारस पुरुषाच्या त्या बत्तीस दातांत दोन्ही पहिल्या दाढांना तीन-तीन मुळं आहेत. आणि उजव्या खालच्या सुळ्याला दोन.

योगायोग असेल. पण असलं तिसरं मूळ रक्तातून उतरतं. म्हणून सहज विचारते: आईचे दात नक्की कधी गेले? आणि कशाने?

तुझी छकुली
(सेहेचाळीस वर्षांची. आता तरी दुसरं काहीतरी म्हणत जा.)


१४ जानेवारी

छकुले,

तू म्हातारी झालीस तरी छकुलीच, त्याला माझा इलाज नाही.

पत्र मिळालं. भावोजींच्या नावाची बातमी ताईला सांगितली. ती शेंगा सोलत होती. “बरं,” म्हणाली आणि सोलत राहिली. मी म्हटलं, अगं, पडदा तुला ओढायचाय! तर म्हणाली, “ओढू की. पडदा ओढायला काय लागतं.” तुला ठाऊकच आहे तिचं. आनंद झाला तरी कुणाला कळू द्यायचा नाही.

दातांचं विचारलंस. त्यात लपवण्यासारखं काय आहे? पायरिया झाला होता तिला. लग्न झालं आणि हिरड्या खराब व्हायला लागल्या. मग तू पोटात, अंगातला सगळा चुना तू ओढून घेतलास असं आमची आई म्हणायची. एकेक करून दात हलायला लागले, भावोजींनी काढले. घरचाच डॉक्टर म्हणून निभावलं, नाहीतर परक्याच्या खुर्चीत बसायची ताईची छाती नव्हती. नंतर कवळी करून दिली, ती किती सुंदर होती ते तू पाहिलंयस. मी तेव्हा लहान. त्यांच्या घरी माझं जाणंयेणंही नव्हतं, त्यामुळे याहून जास्त मला काही माहीत नाही.

योगायोगच असणार गं. जगात इतकी माणसं, कुणाच्या तरी दाढेला तीन मुळं निघायचीच. तुझी दाढ आधी दाखव कुणालातरी. दुसऱ्यांच्या दातांत डोकं घालून बसतेस आणि स्वतःची ठणकवत ठेवतेस.

काका मजेत. दुकानात काजं-बटणांचं काम साठलंय, म्हणून आवरतं घेते. इथेच पत्र टाकत जा. घरी नको.

मावशी


२२ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. “पायरिया” हा शब्द तर चारदा वाचला.

पायरिया झालेला दात मी डोळे मिटून, नुसत्या नखाने ओळखते. मुळावर खडा धरतो, पृष्ठभाग खरबरीत होतो. हे दात तसे नाहीत. एकालाही कीड नाही, झीज नाही. आणि ते तीस वर्षांच्या माणसाचेही नाहीत. वय वाढतं तसा दात आतून भिंती जाड करत जातो आणि नसेची जागा आक्रसते. या दातांत ती ऐसपैस आहे. अक्कलदाढांच्या मुळांची टोकं तर अजून पुरती मिटलेलीसुद्धा नाहीत. वीस वर्षं. फार तर एकवीस.

आई एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात आली ना?

काल एका बरणीच्या बुडाची चिकटपट्टी सुटली. खाली पेन्सिलीने तारीख होती, बाबांच्या बारीक अक्षरात. मग मी सगळ्या पट्ट्या ओल्या करून काढल्या. बेवारस देहाचे दात एका दिवसात निघतात, मावशी. या तारखा २ मार्चपासून सुरू होतात आणि दर पंधरा दिवसांनी एक, अशा डिसेंबर संपेपर्यंत चालतात. एकवीस दात. मग आठ महिने काही नाही. मग २० ऑगस्टपासून पुन्हा दर पंधरा दिवसांनी एक.

माझा वाढदिवस ९ ऑगस्ट. मी अकरा दिवसांची होते.

खुर्ची ओढून बसले. खोलीत दुपारचा चांगला स्वच्छ उजेड होता, बाहेर पोरं व्हरांड्यात गप्पा मारत होती. कपाटात बत्तीस बरण्या. शाई अशी स्पष्ट दिसते की दात दिसतच नाहीत, आतली नसच तेवढी तेलात उभी आहे असं वाटतं. मला माझ्या आईच्या दातांच्या नसा दिसत होत्या. वीस वर्षं मी पोरांना त्याच दाखवून परीक्षा घेत आले.

आणखी एक आहे. सेटमधली वरची डावी दुसरी उपदाढ, म्हणजे सुळ्यामागची दुसरी, बाकीच्यांशी जुळत नाही. तिचं मूळ अर्धवट आहे, टोक नरसाळ्यासारखं उघडं. ते मूळ तेरा-चौदाव्या वर्षी मिटतं. वीस वर्षांच्या अक्कलदाढा आणि बारा वर्षांची उपदाढ एका तोंडात असू शकत नाहीत. तिच्यावर तारीख आहे १८ मे, म्हणजे सगळ्यांच्या नंतर चार महिन्यांनी. नोंदवहीत त्या जागेपुढे आधी लिहिलंय, “काढताना मूळ तुटले, नमुना वाया.” खाली वेगळ्या शाईने, “जागा भरली.”

कुणाच्या दाताने भरली, मावशी?

आणि एक विचारते, हे कधी कुणाला बोलले नव्हते. लहानपणी बघायचे, बाबा कॉलेजला निघाले की आई कवळी घालायची. शेजारणींत हसायची, मला गोष्टी सांगायची. संध्याकाळी फाटक वाजलं की कवळी काढून पाण्यात टाकायची आणि बोळक्या तोंडाने बाबांना वाढायला यायची. रोज. लोक उलटं करतात ना?

छकुली


१० फेब्रुवारी

मावशी,

एकोणीस दिवस झाले, तुझं उत्तर नाही. फोन केला तर काकांनी उचलला, म्हणाले, ती दुकानातून उशिरा येते हल्ली.

मी दुसऱ्या वर्षाला असताना सरावासाठी घरातल्या सगळ्यांची तोंडं तपासत सुटले होते, आठवतंय? काकांनी आ केला, आजीने केला. तू केला नाहीस. म्हणालीस, “झोपाळ्यावरून पडले होते लहानपणी, एक दात गेलाय, बघण्यासारखं काही नाही.” मी हट्ट धरला तेव्हा उठून आत गेलीस.

वरचा डावा होता का?

रागावून विचारत नाहीये. कार्यक्रमाला तीन आठवडे राहिलेत आणि पत्रिका छापायला गेल्यात. मला कळायला हवं.

छ.


१६ फेब्रुवारी

छकुले,

हो. वरचा डावा.

पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. त्यांच्या घरी मी गेले होते, एकदाच. बारा वर्षांची होते. शाळेला सुट्टी होती आणि तू नऊ महिन्यांची, रांगत होतीस. ताईला मदत होईल म्हणून आईने मला बसमध्ये बसवून दिलं.

ताईला बघून मी घाबरले. सव्वादोन वर्षांपूर्वी लग्नात पाहिलेली माझी ताई, आणि दारात उभी होती ती कुणीतरी म्हातारी. गाल आत गेलेले. तिची कवळी अजून बसत नव्हती, लागायची. भावोजी मात्र फार चांगले वागले. हे तुला पटणार नाही, पण त्यांनी आवाज चढवलेला मी कधीच ऐकला नाही. मला बिस्किटं आणायचे. ताईच्या पानात भात मऊ करून कालवून द्यायचे. जेवताना तिच्याकडे असे बघायचे ना, एखाद्या आवडत्या वस्तूकडे बघावं तसे.

चौथ्या दिवशी सकाळी ताई तुला अंघोळ घालत होती. भावोजी म्हणाले, “ये गं, तुझे दात बघू.” मागच्या खोलीत त्यांची खुर्ची होती. मी आ केला. त्यांनी छोट्या आरशाने एकेक दात पाहिला. मग म्हणाले, “अरेरे. तुलाही सुरू झालंय, ताईसारखंच. पण वेळेवर आलीस. एकच काढला की बाकीचे वाचतील.” मी रडायला लागले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. सुई टोचली तेवढीच कळली. नंतर काहीच दुखलं नाही. दात काढून त्यांनी खिडकीकडे धरला आणि गुणगुणायला लागले. कुठलंतरी साधंसं गाणं. ती चाल मी शिलाई करताना चुकून कधी गुणगुणले तर मशीन थांबवून उठते.

गालात कापूस धरून मी बाहेर आले. ताईने मला पाहिलं. तुझ्या अंगाला साबण तसाच होता. तिने माझा जबडा धरला, कापूस काढला, हिरडी पाहिली, शेजारचे दात बोटाने हलवून पाहिले. एकही हलला नाही. मग ती मागच्या खोलीत गेली. आत काय झालं ते मला ठाऊक नाही. ओरडण्याचा आवाज आला नाही. बाहेर आली ती माझी पिशवी घेऊनच. तुला कडेवर घेऊन, तशीच ओली, मला बसपर्यंत सोडायला आली. वाटेत एवढंच म्हणाली, “झोपाळ्यावरून पडलीस असं सांग. आणि मी बोलावलं तरी या घरी येऊ नकोस.”

मी सांगितलं. सांगतच राहिले. काकांनाही तेच सांगितलंय.

तेव्हा बोलले असते तर? हे मी किती वेळा मनाशी उलटंपालटं केलंय. पण बारा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतं, आणि तेही डॉक्टर जावयाविरुद्ध. शिवाय छकुले, मला लाज वाटायची. ताईचे बत्तीस गेले आणि माझा एक, आणि तरी मीच आयुष्यभर तोंडावर हात ठेवून हसते.

ताईला यातलं काही विचारू नकोस. तिने झाकून ठेवलंय ते झाकलेलंच राहू दे. हे माझं मागणं समज.

मावशी


१९ फेब्रुवारी

छकुलीस,

तुझी दोन्ही मोठी पत्रं मी वाचली. तुझ्या मावशीला वाटतं कात्रणांच्या डब्यात मी कधी हात घालत नाही. उशीला भरायला चिंध्या हव्या होत्या. तुझी दाढ ठणकते ते मला अशा रीतीने कळावं याचं आधी वाईट वाटलं.

तुम्ही दोघी माझ्या तोंडाबद्दल माझ्या पाठीमागे लिहिताय. आता मी सांगते.

त्यांनी मला आजार आहे म्हणून सांगितलं आणि मी मानलं. ते शिकलेले, मी नाही. तुझ्या आजोबांना मी एकदा म्हटलं होतं, माझा एकही दात हलत नाही, तरी काढतात. ते म्हणाले, जावयांना कळतं की तुला? तिथे तो विषय संपला. मला कधी दुखलं नाही, हे खरं आहे. लोकांना वाटेल दुखलं असतं तर मी ओरडले असते. न दुखता माणसाचं काय काय नेता येतं हे मला तेव्हा कळलं.

तुझ्या मावशीच्या तोंडातला कापूस पाहिला त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले. ते नोंदवहीत लिहीत होते. मी विचारलं, “मला आजार होता का?” त्यांनी वर पाहिलं. खोटं बोलले नाहीत. म्हणाले, “असे दात मी आयुष्यात दुसरे पाहिले नाहीत. हे जमिनीत गेले असते तर कुणाला कळलंच नसतं.” मला खुर्चीत बसवून त्यांनी एकेक बरणी दाखवली. खूप आनंदात होते. मीही खूश होईन असं त्यांना खरंच वाटत होतं.

मी एवढंच म्हटलं, “माझ्या मुलीच्या तोंडात हात घातलात तर मी तुमच्या पानात काय घालीन ते तुम्हाला कळणार नाही.” म्हणून तुझे दात तुझ्या तोंडात आहेत. तुला वाटायचं बाबा तुझे दात कधी तपासत का नाहीत.

कवळीचं विचारलंस. त्यांनी मला सात कवळ्या करून दिल्या, प्रत्येक आधीच्याहून चांगली. त्यांनी केलेलं त्यांना रोज दिसावं असं मला वाटत होतं. पंचेचाळीस वर्षं त्यांनी जेवताना माझ्याकडे बघायचं आणि मी तोंड उघडून जेवायचं. त्यांनी कधी विचारलं नाही. पण शेवटच्या दोन वर्षांत ते ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायला लागले होते.

संच कॉलेजात जाण्याआधी नऊ वर्षं घरात होता. बरण्यांतलं तेल दर वर्षी बदलावं लागतं. ते मी बदलायचे. मला प्रत्येक दात पाठ आहे.

कार्यक्रमाला मी येणार नाही. २७ तारखेला दुपारी येते. कपाटाची किल्ली तुझ्याकडे असू दे. टीपकागद मी आणते.

आई


५ मार्च

प्रिय मावशी,

आई तुला काही सांगणार नाही, म्हणून मीच लिहिते.

२७ तारखेला ती एकटीच आली. हातात कापडी पिशवी. मी धावत खाली गेले. मला वाटलं होतं तिला धरून वर न्यावं लागेल. ती माझ्यापुढे दोन पायऱ्या. संग्रहालयाच्या दारात जरा थांबली, वास घेतला, म्हणाली, “तेल जुनं झालंय.” कपाटापाशी जाऊन तिने बरण्यांवरून नजर फिरवली, आणि दोन बरण्यांची अदलाबदल केली. “या उलट्या लागल्यात.” मी यादीत पाहिलं. वीस वर्षं उलट्याच होत्या.

मग खिडकीपाशी टेबलावर तिने टीपकागद अंथरला, माझा चिमटा मागून घेतला आणि एकेक बरणी उघडायला लागली. दात उचलायची, तेल निथळू द्यायची, कागदावर ठेवायची. हात इतका सरावलेला होता की मी नुसती बघत राहिले. संग्रहालयाची जबाबदारी माझी. थांबव म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

तुला माहीत नसेल, असा दात तेलाबाहेर राहिला की आपली काच सोडतो. आधी टोकं धुरकट झाली. मग मुळांवरून एक पांढरेपण वर चढत गेलं, आणि आतली शाई बुडत गेली, फाटे आधी, मग मोठ्या नलिका, मग वरची पोकळी. तासाभरात टेबलावर साधे दात होते. लहान, आक्रसलेले, खडूसारखे. आई खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होती. मला म्हणाली, “इतकी वर्षं मला वाटायचं, कुणीतरी येतंय आणि मी उघडी बसलेय.” मी विचारलं, “आई, एवढी वर्षं बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “तू बाबांचा हात धरून शाळेत जायचीस. तुझ्याकडून ते काढून घ्यायचं म्हणजे मीही तेच केलं असतं.”

तेवढ्यात डीनसर आले, पाहुण्यांच्या खुर्च्या कुठे मांडायच्या ते बघायला. कपाट रिकामं बघून त्यांचा चेहराच उतरला. “अहो, हे काय केलंत! संच कुठाय?”

आई दात रुमालात बांधत होती. मान वर न करता म्हणाली, “माझे होते. मी नेतेय.”

“वहिनी, तुमच्या यजमानांची सगळी हयात...”

“त्यांची हयात तुमच्याकडे आहे. पुस्तक आहे, चित्रं आहेत. हे माझ्या तोंडातले आहेत.”

सर माझ्याकडे वळले. मी नोंदवही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि तारखांवर बोट ठेवलं. वाचता वाचता ते बसले. मग म्हणाले, “दोन तारखेला पाहुणे येतायत. पत्रिका गेल्यात.” आईने त्यांना पाणी आणून दिलं.

कार्यक्रम झाला. पडदा पाहुण्यांनीच ओढला. मी मधल्या कपाटात, बरण्यांच्या जागी, नोंदवही त्याच पानावर उघडून ठेवली होती. शेजारी साध्या कागदावर लिहिलं: हे दात एका जिवंत, निरोगी, वीस वर्षांच्या स्त्रीचे होते. एक दात बारा वर्षांच्या मुलीचा. दोघींना खोटं सांगून काढले. त्यांनी ते परत घेतले आहेत. खाली माझी सही, आणि कंसात, मुलगी.

मुख्य पाहुणे आधी हसत हसत वाकले. मग त्यांनी चष्मा घातला. दुसऱ्यांदा वाचलं आणि चहा न घेता गेले. मागून विद्यार्थी आले. एक मुलगी वाचून झाल्यावर तिथेच तोंडावर हात धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची पाटी दिसली नाही. शिपाई म्हणाला, अक्षरं नीट बसली नव्हती म्हणून काढली. परत लागेल की नाही ते कुणी सांगत नाही. मला लेखी खुलासा मागितलाय. दिलाय, दीड ओळीचा. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

बाबांचा हात मला अजून आठवतो, मावशी. गरम, कोरडा. रस्ता ओलांडताना घट्ट धरायचे. आता मला ते आठवलं की आपोआप जीभ दातांवरून फिरते. सगळे आहेत ना, बघते.

सोबत छोटं पुडकं पाठवतेय. आईने तिच्या रुमालातून तो वेगळा काढून माझ्याकडे दिला. म्हणाली, “हा माझा नाही. जिचा आहे तिला तू पाठव, मला तिच्या हातात ठेवता येणार नाही.”

छकुली


१३ मार्च

छकुले,

पुडकं मिळालं. दोन दिवस उघडलं नाही, सुयांच्या डबीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी काकांना समोर बसवलं आणि झोपाळा, बस, खुर्ची, सगळं एका दमात सांगितलं. ते उठून दुकानाचं दार लोटून घेतलं आणि माझ्याशेजारी येऊन बसले. एकदम म्हणाले, “म्हणून तू कधी जांभईसुद्धा देत नाहीस का गं?” मी हसले. तोंडावर हात न्यायचा राहून गेला.

ताईने तिच्या दातांचं काय केलं ते मी विचारलं नाही. ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बाहेर गेली होती, परत आली तेव्हा चपलांना चिखल होता.

काल दुपारी दुकानात आम्ही दोघीच होतो. मी डबी उघडली. केवढासा गं तो! बोटावर घेतला तर वजनच लागेना. माझा म्हणून ओळख काही पटेना. म्हणून मी तो खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरला. वरून पांढरा, पण उजेड आरपार आला आणि आत एक काळी बारीक रेघ दिसली, खाली रुंद होत गेलेली. मी निरखून बघायला लागले.

ताई कधी उठून आली ते कळलं नाही. मागून तिने माझं मनगट धरलं, हात हळूच खाली आणला आणि दात माझ्या मुठीत घालून मूठ मिटली. तिचा हात वरून तसाच घट्ट होता.

“बघायचं नाही,” म्हणाली.

मावशी